वाजवणारा पाहिजे

आमच्या गावाचे नाव आंजी (मोठी). वर्ध्याहून आर्वीच्या रस्त्याला लागले की लागते. बोलताना आम्ही नुसते 'आंजी' म्हणतो. 'मोठी' फक्त कागदावर येते आणि तीही कंसात. माझ्या आयुष्यात जे काही मोठे आहे ते सगळे असे कंसातच राहिले आहे. शिक्षण : बी. कॉम. (द्वितीय श्रेणी). हुद्दा : बँकेत कारकून (वरिष्ठ). घरी कॉम्प्युटर आहे काय? आहे (जुना).

हा 'जुना' शब्दही फार सौम्य झाला. बाबा २००६ साली जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. निवृत्तीच्या पैशातून लोक घरावर स्लॅब टाकतात, विहीर खोल करतात, निदान काशीयात्रा तरी करतात. बाबांनी वर्ध्याला जाऊन कॉम्प्युटर आणला. पेंटियम ४, ५१२ एमबी रॅम, ८० जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज एक्सपी. आळीतली सगळी माणसे तो पाहायला आली आणि आईने पन्नास कप चहा केला. 'यात काय काय होते?' या प्रश्नाला बाबांनी 'सगळं होते' असे उत्तर दिले. आणि चहा कोण करते हा प्रश्न कोणी विचारला नाही.

तोच कॉम्प्युटर आजही बैठकीच्या कोपऱ्यात, आईने विणलेल्या आच्छादनाखाली बसलेला असतो. एक्सपीची देखभाल त्याच्या निर्मात्यांनी ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली. आम्ही थांबवली नाही. त्याला इंटरनेटची जोडणी मात्र देत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला जसे आपण भर बाजारात एकटे सोडत नाही, तसेच ते.

या कॉम्प्युटरवर बाबांनी एकच काम केले, पण ते तीन वर्षे केले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ साली गेले, पण त्यांची खंजिरी विदर्भातल्या गावांतून गेली नाही. आमच्या बाबांचेही एक भजनी मंडळ होते. ओसरीवर बैठक बसायची, मध्ये टेपरेकॉर्डर ठेवलेला असायचा आणि त्यात एक कॅसेट फिरत असायची. अशा सत्तर कॅसेटी जमल्या. त्यांना बुरशी धरू लागली तेव्हा बाबांनी टेपरेकॉर्डरपासून कॉम्प्युटरपर्यंत एक वायर टाकली आणि एकेक कॅसेट आत उतरवायला सुरुवात केली. यात घाई चालत नाही. साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठ मिनिटेच लागतात. बाबा तेवढा वेळ समोर हाताची घडी घालून परीक्षेच्या पर्यवेक्षकासारखे बसत. मग शाळेच्या हजेरीपटाला शोभतील अशी शुद्ध मराठी नावे देवनागरीत टंकून ठेवत : '०१-अ', '०१-ब', '१४-ब, पाऊस'.

२०१९ साली बाबा गेले. तेव्हापासून रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की आई कॉम्प्युटर लावते. तिला कॉम्प्युटर येत नाही, पण तिला हा कॉम्प्युटर येतो. खालचे काळे बटन दाबायचे, हिरव्या टेकडीचे चित्र येईपर्यंत 'हरी हरी' म्हणायचे, मग डाव्या कोपऱ्यातल्या चित्रावर दोनदा टिचकी मारायची. एवढे झाले की बाबांचे मंडळ बैठकीत येऊन बसते. असे सहा वर्षे बिनतक्रार चालले.

गेल्या दिवाळीत नागपूरहून आमचे चिरंजीव आले. ते इंजिनिअरिंगला आहेत. इंजिनिअरिंगच्या मुलाचे एक असते, त्याला चालू असलेली वस्तू बघवत नाही. "आजी, हा प्लेअर कुठल्या जमान्यातला आहे? थांब, तुला मस्त करून देतो," असे म्हणून त्याने पेन ड्राइव्ह काढला, डाव्या कोपऱ्यातले चित्र पुसले, तिथे दुसरेच जांभळे चित्र आणून बसवले आणि भाऊबीज आटोपून तो नागपूरला निघून गेला.

संध्याकाळी आईने टिचकी मारली. काही झाले नाही. पुन्हा मारली. कॉम्प्युटरच्या आतून दळण दळल्यासारखा आवाज येऊ लागला. माझी दोन वर्तमानपत्रे वाचून झाली तेव्हा कुठे पडद्यावर जांभळा प्रकाश पडला, रंगीत लाटा नाचू लागल्या, आणि बाबांच्या सत्तर कॅसेटींच्या एकशेचाळीस बाजू एका ओळीत उभ्या राहिल्या. प्रत्येकीपुढे इंग्रजीत लिहिले होते : 'अननोन आर्टिस्ट.'

"काय लिहून आहे रे ते?" आईने विचारले.

"अनोळखी कलाकार."

"कोन अनोळखी?" आई म्हणाली. "यायले अख्खं गाव ओयखते!"

त्या रात्री मी प्रतिज्ञा केली की कॉम्प्युटरला पेलेल असा, वजनाला हलका आणि कामाला चोख प्लेअर शोधून आणीन. बँकेत तीन कोटेशने मागवल्याशिवाय आम्ही टाचण्यांची डबीही घेत नाही. मी लगेच एका कागदावर रकाने आखले : नाव, वजन, उघडण्यास लागणारा वेळ, शेरा.

इथे वाचकांच्या मनात शंका येईल की प्लेअर हा प्रोग्रॅम, त्याला वजन कसले? मलाही आली होती. आमच्या शाखेत कॉम्प्युटर बिघडले की एक मुलगा येतो. त्याला मी चहा पाजून हा प्रश्न विचारला. तो म्हणाला, "काका, गाणं वाजवाले काहीच ताकद लागत नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे कॉम्प्युटर हे काम हसत करत होते. वजन गाण्याचं नसतेच. वजन बाकीच्या लग्नाचं असते."

मग त्याने ते बाकीचे लग्न समजावून सांगितले. अवजड प्लेअर उघडला की आधी सगळी हार्ड डिस्क धुंडाळून गाण्यांची यादी करतो. मग प्रत्येक गाण्याच्या वेष्टनाचे चित्र शोधतो. मग नाचणाऱ्या लाटा काढतो. मग तुम्हाला आणखी काय आवडेल याचा अंदाज करतो आणि इंटरनेट नसले तरी दर थोड्या वेळाने ते आले का म्हणून दाराबाहेर डोकावून येतो. हे सगळे करून वेळ उरलाच तर गाणे वाजवतो. मला एकदम आमच्या काउंटरचा भास झाला. खातेदाराला शंभर रुपये देणे हे काम अर्ध्या मिनिटाचे. पण त्याआधी फोटो, आधार, पॅन, मोबाइल क्रमांक आणि 'सर्व्हर डाऊन आहे' हे मधले लग्न.

या प्लेअर मंडळींचा इतिहासही मोठा बोधप्रद आहे. मी वर्ध्याला कॉमर्सला असताना कॉम्प्युटर क्लासमध्ये पहिल्यांदा विनॅम्प पाहिला. १९९७ साली निघालेला तो एवढासा प्रोग्रॅम. पडद्याच्या कोपऱ्यात पेटीसारखा बसायचा आणि मुकाट्याने वाजवायचा. १९९९ साली अमेरिकेतल्या एओएल या बड्या कंपनीने त्याची कंपनी विकत घेतली. मग २००२ साली त्याची तिसरी आवृत्ती निघाली. ती इतकी अवजड झाली, की लोक तिला नमस्कार करून पुन्हा दुसऱ्या आवृत्तीकडे परतले. शेवटी २००३ च्या डिसेंबरात कर्त्यांनी चौथीचे नावच न घेता एकदम पाचवी काढली आणि सांगितले, की ही दोन आणि तीन मिळून पाच आहे. बेरीज बरोबर असल्यामुळे माझ्यासारख्या कॉमर्सवाल्याला हरकत घेता आली नाही. पण हलक्या वस्तूला मोठे करायला निघाले की काय होते हे मात्र कळले. आमच्या जिल्ह्यात तरी हे कोणी शिकवायची गरज नव्हती. सेवाग्रामला जाऊन बापूकुटी पाहावी : माती, बांबू, वर कौले. एवढ्याशा कुटीतून देशाचा कारभार हलत असे. आणि इथे एक भजन वाजवायला ५१२ एमबी पुरेनात!

असो. कोटेशने येऊ लागली. जे नापास झाले त्यांची नावे मी सांगणार नाही; खातेदाराची माहिती बाहेर फोडायची नाही हा आमचा नियम आहे.

परीक्षेचा पेपर आईने काढला. मी एखादे वाजते गाणे लावून पाहणार होतो, पण ती म्हणाली, "चौदा-ब लाव."

"दुसरं लावतो ना काही. ते पावसाचं आहे, त्यात खरखर फार आहे."

"चौदा-ब लाव," आई म्हणाली.

पहिला उमेदवार जुना आणि अगदीच सडपातळ होता. वजन दोन एमबीच्या आसपास, टिचकी मारताच हजर. मी खूश झालो. पण यादी उघडून पाहतो तो सगळीकडे प्रश्नचिन्हे. बाबांनी घातलेल्या प्रत्येक देवनागरी अक्षराच्या जागी एक प्रश्नचिन्ह, आणि एकही भजन वाजायला तयार नाही. चहावाल्या मुलाने निदान केले. त्या काळच्या कित्येक प्रोग्रॅमांकडे अक्षरांसाठी दोनशे छप्पन्नच खुर्च्या असत. त्यात इंग्रजी आणि तिची युरोपातली भावंडे बसली की खुर्च्या संपल्या. युनिकोड नावाच्या व्यवस्थेने १९९१ सालीच देवनागरीला हक्काच्या खुर्च्या दिल्या होत्या, पण या प्रोग्रॅमाला त्याचा पत्ता नव्हता. मराठी अक्षर दारात आले की तो 'कोण?' विचारायचा, म्हणजे प्रश्नचिन्ह काढायचा. "नावं इंग्रजीत करून टाका ना काका," मुलगा म्हणाला. मी आईकडे पाहिले आणि विषय बदलला. शाळामास्तराने शुद्ध लिहिलेल्या एकशेचाळीस ओळी त्याच्या मुलानेच खोडायच्या म्हणजे काय!

दुसरे स्थळ मुलाने फोनवरून सुचवले : व्हीएलसी. याच्याविषयी मला आदर आहे. १९९६ साली पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी हे काम सुरू केले. त्याचे चिन्ह म्हणजे रस्त्याच्या कामावर ठेवतात तो नारिंगी शंकू. त्या विद्यार्थ्यांच्या मंडळाने असे शंकू गोळा केले होते म्हणे. आमच्याकडे रस्त्यावर खड्डे असतात पण शंकू नसतात, त्याचे कारण मला तेव्हा कळले. २०२२ साली भारतात काही महिने याचे संकेतस्थळच उघडत नव्हते, ते नोव्हेंबरात पुन्हा उघडले. हा प्रोग्रॅम गुणी आहे, फुकट आहे, एक्सपीवरही चालतो आणि काहीही समोर टाकले तरी वाजवतो. पण तो मूळचा सिनेमावाला. नुसत्या भजनासाठी त्याला बोलावणे म्हणजे सांजवातीला लग्नाचा बँड सांगण्यासारखे झाले असते. आईनेही शंकू पाहून "हे काय, रोडाचं काम निघालं का?" एवढेच विचारले. त्याला मी राखीव यादीत टाकले.

आमच्या रोखपालांनी तिसराच मार्ग सांगितला : विंडोज काढून टाका आणि लिनक्स घाला. जुन्या कॉम्प्युटरला ते नवी पालवी फोडते, असे त्यांचे म्हणणे. यात तथ्य आहे. पण चहावाल्या मुलाने त्यातही पाचर मारली. आपला कॉम्प्युटर ३२ बिटांचा, आणि लिनक्समधल्या उबुंटूसारख्या मोठ्या घराण्यांनीही २०१९ पासून नव्या आवृत्त्यांत ३२ बिटांना सोडचिठ्ठी दिलेली. शोधले तर सापडेल. पण मग हिरवी टेकडी जाणार, काळ्या बटनानंतरचा 'हरी हरी' जाणार. प्लेअर बदलण्यासाठी सगळे घरच बदलायचे, हे मला पटेना.

चौथा उमेदवार मात्र सर्वगुणसंपन्न निघाला. वजनाला हलका, देवनागरी स्वच्छ वाचणारा, दिसायला देखणा. मी कागदावर 'मंजूर' लिहिण्याच्या बेतात होतो. चौदा-ब लावले. आई डोळे मिटून ऐकत होती. अर्ध्याच्या पुढे गेल्यावर तिने एकदम डोळे उघडले.

"यानं मधातलं खाल्लं."

"काय खाल्लं?"

"मधातलं. पुन्हा लाव."

पुन्हा लावले. एक भजन संपले, लगेच दुसरे सुरू झाले. मला काही गैर दिसेना. "बरोबर आहे की! एक संपलं, दुसरं लागलं."

"थेच तं सांगून राहिली," आई म्हणाली. "असं लगेच नाही लागत."

मी कारकून माणूस. हिशेबात पाच पैशांचा फरक आला तरी रात्री शाखा बंद करत नाही. मी त्या प्लेअरच्या सगळ्या खिडक्या उघडून पाहिल्या, तेव्हा एका कोपऱ्यात एक बारीक खूण सापडली : 'शांतता गाळावी.' गाण्यात जिथे आवाज नाहीसा होतो ती जागा हा हुशार माणूस आपल्या अधिकारात उडवून देत होता. श्रोत्याचा वेळ वाचावा म्हणून! ती खूण मी काढली आणि चौदा-ब तिसऱ्यांदा लावले. या वेळी मीही डोळे मिटले. खोटे कशाला सांगू, सहा वर्षांत ती कॅसेट मी पहिल्यांदाच लक्ष देऊन ऐकत होतो.

सत्ताविसाव्या मिनिटाला भजन संपते. कोणीतरी खंजिरी खाली ठेवते. कौलावर पावसाचा बारीक आवाज. मग बाबा खाकरतात आणि आतल्या बाजूला तोंड करून म्हणतात, "अवं, पानी आन थोडं." मग बराच वेळ काहीच नाही. अगदी लांबून भांड्याचा आवाज, मग पावले, मग बांगड्या, आणि मग अगदी हळू, जवळजवळ न ऐकू येण्यासारखे : "घ्या."

बस. लगेच पुढचे भजन.

सत्तर कॅसेटींत आईचा आवाज तेवढाच आहे. एक शब्द. रोज संध्याकाळी ती भजन ऐकते अशी आम्हा सगळ्यांची समजूत होती. ऐकतही असेल. पण चौदा-ब मात्र त्या पाण्यासाठी लागत होते.

मी उठून खिडकीशी गेलो आणि उगाचच एक दार लावून उघडले. आपले प्लेअरविषयीचे सगळे ज्ञान चुकले होते हे मला तिथे उभे असताना कळले. हलका म्हणजे कमी एमबीचा, असे मी समजत होतो. आईची व्याख्या वेगळी होती. हलका म्हणजे दोघांच्या मध्ये न येणारा. जो सांगितले तेवढे वाजवतो, आपली अक्कल त्यात घालत नाही आणि मधले खात नाही. चौथ्याची ती खूण काढून ठेवता आली असती हे खरे. पण ज्याने न विचारता एकदा हात मारला त्याच्याकडे तिजोरीची किल्ली द्यायला आमच्या खात्यात कोणी तयार होणार नाही.

शेवटी पाचव्यावर शिक्कामोर्तब झाले. त्याचे नाव फूबार २०००. विनॅम्पच्या कंपनीसाठी पूर्वी काम केलेल्या पीटर पॉलोव्स्की नावाच्या गृहस्थाने तो २००२ च्या डिसेंबरात काढला आणि तेव्हापासून फुकट ठेवला. नावाला अर्थ नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या लोकांत उदाहरणादाखल 'फू' आणि 'बार' म्हणायची पद्धत आहे, जसे आपल्या गणितात 'समजा, अ ने ब ला शंभर रुपये दिले' असते. तेव्हा मराठीत त्याचे नाव 'अबक २०००' होईल. रूप म्हणाल तर काहीच नाही. पांढरा कागद, त्यावर रकाने, रकान्यांत नावे. आमचे चिरंजीव फोटो पाहून म्हणाले, "बाबा, किती बोअर आहे हे!" पण मी पाहिले आणि गलबलून आलो. हुबेहूब आमचे जुने लेजर! कॉम्प्युटर येण्याआधी शाखेत जाडजूड खतावण्या असत त्यांचीच आठवण झाली. जुन्या कॉम्प्युटरसाठी त्याची जुनी आवृत्ती घेतली. 'हरी' म्हणून दुसरे 'हरी' म्हणायच्या आत तो उघडला, बाबांची देवनागरी नावे त्याने अनुस्वारासकट वाचली, आणि शांतता मी सांगितल्याशिवाय गाळली नाही.

त्याचा आणखी एक गुण उन्हाळ्यात उपयोगी पडला. वर्ध्याचा मे महिना ज्याने पाहिला आहे त्याला कूलरविषयी सांगायला नको. पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो आणि कूलर विमानासारखा घोंघावतो. त्यात बाबांच्या काही कॅसेटी मोठ्या आवाजात भरलेल्या तर काही कुजबुजल्यासारख्या. आईला आता थोडे कमी ऐकू येते, त्यामुळे आवाज सारखा कमी-जास्त करावा लागे. या प्लेअरमध्ये रीप्लेगेन नावाची सोय आहे. तो प्रत्येक फाइल ऐकून तिचा आवाज किती लहान-मोठा आहे याची नोंद करून ठेवतो आणि वाजवताना सगळ्यांना एका पातळीवर आणतो. मूळ आवाजाला हात लावत नाही. लेजरच्या समासात पेन्सिलने टिपण करावे तसे बाजूला लिहून ठेवतो.

कीबोर्डच्या कळाही आपण हव्या त्या कामाला नेमू शकतो. खालच्या लांब पट्टीला मी 'वाजव-थांब' हे एकच काम दिले आणि सौभाग्यवतींच्या पाकिटातली एक लाल टिकली तिच्या मधोमध चिकटवली. कॉम्प्युटर सुरू होताच प्लेअर आपोआप उघडेल अशी तजवीज केली. आता आईला काळे बटन आणि लाल टिकली, एवढीच विद्या पुरते.

एक गोष्ट मात्र मी त्याच रात्री केली, ती सांगितली पाहिजे. कारण प्लेअर निवडण्यापेक्षा ती महत्त्वाची होती आणि ती मला सहा वर्षे सुचली नव्हती. बाबांची भजने १२८ केबीपीएसची आहेत, म्हणजे मिनिटाला साधारण एक एमबी. सत्तर कॅसेटी, प्रत्येकी साठ मिनिटे, म्हणजे ४,२०० मिनिटे, म्हणजे सुमारे चार जीबी. बाबांची तीन वर्षे आणि मंडळाची सगळी हयात एका आठ जीबीच्या पेन ड्राइव्हमध्ये अर्ध्या जागेत मावते! आणि तो सगळा ऐवज एकोणीस वर्षांच्या एकाच हार्ड डिस्कवर, जी अलीकडे दळण दळते. इतरांच्या ठेवी सांभाळण्यात माझी वीस वर्षे गेली आणि घरची ठेव मी अशी उघड्यावर टाकली होती. मी दोन प्रती केल्या. एक कपाटात आईच्या पातळांखाली ठेवली, दुसरी नागपूरला चिरंजिवांकडे दिली. लॉकरला दोन किल्ल्या असतात, त्या धर्तीवर.

चिरंजीव होळीला आले तेव्हा जरा दबून होते. मी त्यांना काही बोललो नाही. आईनेच त्याला जवळ बसवले, टिकली दाबली आणि चौदा-ब ऐकवले. सत्ताविसावे मिनिट आले. तो ऐकत होता. मग म्हणाला, "आजी, हे 'घ्या' तू आहेस?"

"मंग कोन?" आई म्हणाली. "पन्नास वेळा उठवत होते पान्यासाठी."

तो काही वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "बाबा, ते अननोन आर्टिस्ट अजून तसंच आहे. त्या रकान्यात नाव घालता येतं. घालू?"

एकशेचाळीस ओळी एकदम निवडून नाव घालायला त्याला अर्धे मिनिट लागले. इंजिनिअरिंगचा थोडा उपयोग होतो, हे मी कबूल करतो. कलाकाराच्या रकान्यात बाबांचे पूर्ण नाव आले, देवनागरीत, मागे 'गुरुजी' लावून. आईने चष्मा लावून ते दोनदा वाचले, समाधानाने मान हलवली. मग चष्मा काढता काढता म्हणाली, "अन् चौदा-ब मंधी?"

तेव्हापासून त्या एका ओळीत बाबांच्या नावापुढे आणखी एक नोंद आहे. गुरुजी, आणि त्यापुढे (आई). कंसात घातले म्हणून ती रागावली नाही. आंजीच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही, मोठे असते ते आम्ही कंसातच लिहितो.